'द बक स्टॉप्स हियर' : मराठीत हा बक थांबवायचा कुठे?

शब्दखुळी
मंडळी, मदत हवी आहे. एका मालिकेच्या मराठी सबटायटल्सचं काम करतेय. (नाव विचारू नका, करारात अडकलेय.) त्यात एक वरिष्ठ बाई हाताखालच्या पोराला म्हणते, "यू कॉल द शॉट्स, बट द बक स्टॉप्स विथ मी." पडद्यावर हे वाक्य सव्वादोन सेकंद असतं.

यंत्राने दिलेलं भाषांतर : "तू गोळ्या झाड, पण हरीण माझ्याजवळ थांबेल." पाच मिनिटं हसले. मग लक्षात आलं की माझ्याकडे तरी काय धड आहे? मी "निर्णय तुझा, जबाबदारी माझी" असं दिलं होतं. काम देणारे म्हणाले, हे भिंतीवरच्या फलकासारखं वाटतं. खरं आहे ते.

मग नादच लागला. कुणाच्या हातात कारभार आहे आणि कुणाच्या गळ्यात निस्तरणं, हे सांगणारे इंग्रजी वाक्प्रचार वहीत उतरवत गेले. चाळीसेक झाले. एक गंमत वाटली. सत्ता ही इंग्रजीत हातात धरायची वस्तू दिसते : लगाम, सुकाणू, चाबूक, बाहुलीच्या दोऱ्या, थैलीची नाडी. आणि जबाबदारी म्हणजे दुसऱ्याच्या हातात कोंबायची वस्तू : बक पुढे सरकवायचा, बाळ दुसऱ्याच्या कडेवर द्यायचं, चेंडू त्यांच्या कोर्टात टोलवायचा. हे खरंच तसं आहे की माझंच खूळ? आणि त्या वाक्याचं काय करू?

तिरपागडे
थांबू दे की हरीण. सव्वादोन सेकंदांत बिचारं दुसरं काय करणार.

खडूफळा
तिरपागडे, यंत्र अगदीच वाट चुकलेलं नाही बरं का. हा 'बक' पोकरमधला. पत्ते वाटायची पाळी कुणाची, हे कळावं म्हणून त्या खेळाडूपुढे एखादी वस्तू ठेवत. ती बऱ्याचदा हरणाच्या शिंगाची मूठ असलेला चाकू असे, म्हणून बक, असं सांगतात. ज्याला वाटायची जबाबदारी नको असेल तो ती खूण शेजाऱ्यापुढे सरकवायचा. 'पासिंग द बक' ते हे.

'बक इथे थांबतो' हे जगभर पोचलं ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावरच्या पाटीमुळे. ट्रुमन स्वतः पोकरचे शौकीन. ती पाटी ओक्लाहोमातल्या एल रेनो इथल्या सुधारगृहात तयार झाली आणि २ ऑक्टोबर १९४५ ला त्यांच्याकडे रवाना झाली. येणाऱ्याला 'द बक स्टॉप्स हियर' दिसायचं. उलट्या बाजूला, म्हणजे खुद्द ट्रुमनना दिसेल असं, लिहिलं होतं : 'आय ॲम फ्रॉम मिसुरी'. मिसुरीची माणसं 'आधी दाखवा, मग विश्वास ठेवतो' या स्वभावासाठी प्रसिद्ध. म्हणजे लोकांना सांगायचं की उत्तर मी देईन, आणि स्वतःला बजावायचं की कुणी सांगतंय म्हणून मान डोलवू नकोस. मला तर मागचीच बाजू जास्त आवडते. जानेवारी १९५३ मध्ये निरोपाच्या भाषणातही त्यांनी हेच सांगितलं की ठरवावं राष्ट्राध्यक्षालाच लागतं, त्याला बक दुसऱ्या कुणाकडे सरकवता येत नाही.

तिरपागडे
जबाबदारीची पाटी तुरुंगात तयार झाली. खरोखर सगळं येऊन जिथे थांबतं तिथेच!

निवांत
वाखु (वाचनखूण) साठवली. माझा आजवर समज होता की बक म्हणजे डॉलर, आणि 'पैसे शेवटी माझ्याच खिशात येतात' अशी ती बढाई आहे. कामावर दोनदा त्या अर्थाने वापरलंय. दोन्ही वेळा लोक आदराने बघत होते.

रेघोट्या
'चेंडू कोर्टात' वरून आठवलं. अनुवादाच्या धंद्यात नवखा होतो तेव्हा एका करारासंबंधीच्या पत्रातलं 'द बॉल इज नाऊ इन देअर कोर्ट' मी "आता हे प्रकरण त्यांच्या न्यायालयात आहे" असं केलं होतं. वाचणाऱ्याने घाबरून वकील गाठला. बरं, माझी चूक मी कबूल केली का? नाही. "मजकुरात संदिग्धता होती," असं सांगितलं. बक पासला, मंडळी.

आता तर 'चेंडू तुमच्या कोर्टात' हे बातम्यांमधून इतकं रुळलंय की मराठीच वाटतं. टेनिसची रॅकेट कधी हातात न धरलेली माणसंही बिनदिक्कत चेंडू टोलवतात.

जहाजी
पंचवीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाचा एक आक्षेप नोंदवून घ्या. 'ॲट द हेल्म' म्हणजे सर्वाधिकारी, हे जमिनीवरच्या माणसांनी ठरवलंय. जहाजावर सुकाणूचं चाक धरून उभा असतो तो हुकमाचा ताबेदार. त्याला अमुक अंश डावीकडे म्हटलं की तो आधी तो हुकूम मोठ्याने परत म्हणतो, मग चाक फिरवतो, आणि जहाज त्या दिशेला आलं की तसं सांगतो. स्वतःच्या मनाने त्याने बोटभरही वळवायचं नसतं. हुकूम देणारा अधिकारी शेजारी हात मागे बांधून उभा. म्हणजे ज्याच्या हातात वस्तू आहे त्याच्याकडे सत्ता नाही, आणि ज्याच्याकडे सत्ता आहे त्याचे हात रिकामे.

त्यातही एक गोंधळ होता. जुने हुकूम चाकाचे नसून सुकाणूच्या दांड्याचे असायचे. दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे वळतं. १९१२ साली टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर हुकूम सुटला तो 'हार्ड अ स्टारबोर्ड' (पूर्ण उजवीकडे), आणि जहाज वळवायचं होतं डावीकडे. तेव्हाच्या रिवाजानुसार त्यात काहीच चूक नव्हती. १९३०च्या दशकात ही पद्धत बदलली आणि जिकडे वळायचं तिकडचंच नाव घ्यायचं असं ठरलं.

'नॉट ऑन माय वॉच' मात्र अस्सल आमचं. वॉच म्हणजे मनगटावरचं घड्याळ नव्हे, पाळी. सहसा चार तासांची. पाळी बदलताना येणारा म्हणतो, मी घेतली. ते शब्द तोंडातून निघेपर्यंत जे काही घडेल ते जाणाऱ्याच्या खात्यावर. समोर दिवा दिसत असेल, जहाज वळत असेल, तर घेऊच नये, थांबावं.

माईणमुळा
जहाजी, हात रिकामे असण्याबद्दल जे लिहिलंत ते फार आवडलं.

शब्दखुळीताईंच्या निरीक्षणाला माझं एक शेपूट. इंग्रजी पुढारी लगाम धरतो, म्हणजे तो स्वार आहे, गाडीत बसलाय. 'इन द ड्रायव्हर्स सीट', 'इन द सॅडल'. मराठीत आपण काय म्हणतो? 'संस्थेची धुरा सांभाळली.' धुरा म्हणजे गाडीचा तो भाग जो बैलाच्या खांद्यावर येतो. धुरंधर म्हणजे धुरा वाहणारा. बैलच की तो! मोठ्यात मोठ्या नेत्याला आपण गौरवाने धुरंधर म्हणतो, तेव्हा त्याला गाडीत न बसवता जुवाला जुंपतो.

खडूफळा
माईणमुळा, कल्पना देखणी आहे पण पुरावा निवडून घेतलाय. आपल्याकडे वेसण घालणं आहे, लगाम घालणं आहे, कासरा ढिला सोडणं आहे, मुठीत ठेवणं आहे, तालावर नाचवणं आहे. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' तर आहेच. आणि तिकडे 'शोल्डर द रिस्पॉन्सिबिलिटी' आहे, म्हणजे त्यांनाही खांदे आहेत. एका शब्दावरून समाजाचं मन ओळखायला जाऊ नये, असं मी पोरांना वर्गात बजावत आलोय.

माईणमुळा
सर, छडी खाली ठेवा. वेसण, लगाम, मूठ हे सगळं दुसऱ्याला काबूत ठेवण्याबद्दल आहे. मी बोलतेय ते पद स्वीकारण्याबद्दल. पद स्वीकारताना आपण वेसण हातात घेतली म्हणतो का? धुरा खांद्यावर घेतली म्हणतो, नाहीतर कार्यभार स्वीकारला म्हणतो. भार!

खडूफळा
आता मात्र तुम्ही मला हवं तिथे आणलंत. 'इन चार्ज' मधला चार्ज म्हणजे काय? लॅटिनमध्ये गाड्याला जो शब्द आहे, त्यावरून गाडीत माल लादणं, त्यावरून ओझं. बंदुकीत बार भरणं, बॅटरीत वीज भरणं हेही त्याच लादण्याचे अर्थ. म्हणजे इनचार्ज आणि प्रभारी हे शब्दशः एकाच ओझ्याखाली वाकलेत. तुमचा बैल तिकडेही आहे, फक्त साहेबाच्या कपड्यात.

माईणमुळा
बैल सापडल्याबद्दल आभार. तह मंजूर.

कारकुंडा
साहेबांचे कपडे निघालेच आहेत तर माझी तक्रार लिहून घ्या. हल्ली आमच्याकडे जबाबदारी हा शब्द कुणी उच्चारत नाही. 'टेक ओनरशिप'! मालकी घ्या! कशाची मालकी? मला शाईची बाटली मागवायची तर तीन सह्या लागतात. माणसं माझ्या हाताखाली नाहीत, तारीख मी ठरवलेली नाही, पण काम अडलं की 'हू ओन्स धिस?' आणि सगळ्या माना माझ्याकडे. मालक म्हणायचं आणि राबवायचं गड्यासारखं, ही युक्ती ज्याने शोधली त्याला साष्टांग.

खडूफळा
याची उलट बाजू ब्रिटनचे राजकारणी स्टॅन्ली बाल्डविन यांनी मार्च १९३१ मध्ये वृत्तपत्रमालकांना सुनावली होती : जबाबदारीशिवाय सत्ता. (पुढे ही कुणाची मक्तेदारी हेही ते बोलले, ते इथे लिहीत नाही. शब्द त्यांचे मावसभाऊ, लेखक किपलिंग यांचे होते.) कारकुंडा यांच्या वाट्याला सत्तेशिवाय जबाबदारी आलेली दिसते.

निवांत
कारकुंडा, +१००. आमच्याकडे 'यू आर एम्पॉवर्ड' चालतं. बदली कामगार मागितला की 'थिंक क्रिएटिव्हली'.

ढगातून
जहाजींची पाळी बदलण्याची रीत वाचून राहवलं नाही. विमानात याहून कडक आहे. दोन वैमानिक, दोन्हीकडे नियंत्रणं. एकजण म्हणतो 'यू हॅव कंट्रोल', दुसरा म्हणतो 'आय हॅव कंट्रोल', आणि अनेक ठिकाणी पहिला पुन्हा खात्री करून देतो. इतकं घोकायचं कारण सरळ आहे. दोघांनाही वाटलं की समोरचा उडवतोय, तर विमान कुणीच उडवत नसतं. दोघांनाही वाटलं की मीच उडवतोय, तर ते आणखी वाईट. एअरबसच्या बऱ्याच विमानांत दोन बाजूंच्या दांड्या यंत्राने एकमेकींना जोडलेल्या नसतात. माझी ओढली म्हणून शेजाऱ्याची हलत नाही. दोघांनी एकदम हलवल्या तर संगणक दोन्हींची बेरीज करतो आणि 'ड्युअल इनपुट' असं ओरडतो.

पण धाग्याशी थेट संबंध असलेली गोष्ट पुढे आहे. कंट्रोल सहवैमानिकाला दिला तरी कमांड कॅप्टनचीच राहते. उडवतोय तो, उत्तर देणार मी. शब्दखुळीताई, तुमच्या मालिकेतली बाई हेच म्हणतेय ना?

शब्दखुळी
अगदी हेच! 'उडव तू' म्हणता आलं असतं तर किती बरं. मालिका बँकेवर आहे हो.

तिरपागडे
बँकेवर असेल तर 'उडव तू' चालेल की.

जहाजी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे 'बाय द वे'), सुकाणू माझ्या तोंडून उतरवलंत तर त्याचा सन्मानही सांगतो. 'गव्हर्नमेंट' हा शब्दच सुकाणूचा आहे. ग्रीकमध्ये जहाज हाकणं म्हणजे क्युबेर्नान, लॅटिनमध्ये त्याचं गुबेर्नारे झालं, तिथून गव्हर्न. गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली नियंत्रणाच्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' नाव दिलं तेही त्याच ग्रीक नाखव्यावरून. मध्ये वाफेच्या इंजिनाचा वेग काबूत ठेवणारा फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर येऊन गेला, जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये बसवलेला. त्याला मात्र जाब विचारता येत नाही.

अर्धविराम
'हू वेअर्स द ट्राउझर्स' अजून कसं कुणी आणलं नाही? घरात पँट कोण घालतं यावरून कारभारी कोण ते ठरवणारी भाषा. आमच्या घरात सगळेच घालतो, आणि कारभार मांजराकडे आहे.

दुपारची झोप
'रूल द रूस्ट' त्याच जातीचं. कोंबड्यांच्या बसायच्या दांडीवर राज्य. पण जुनं रूप 'रूल द रोस्ट' असं आहे, पंधराव्या शतकातलं. रोस्ट म्हणजे भाजलेलं मांस. म्हणजे आधी सत्ता ताटातल्या कोंबडीवर होती, मग ती खुराड्यात गेली.

'फ्री रेन'चंही तसंच. रेन म्हणजे लगाम, तो सैल सोडला. हल्ली शिकलेली माणसंही 'रेन' राज्य या अर्थाच्या स्पेलिंगने लिहितात. लगामाला राज्य समजणं, ही चूक म्हणावी की भाष्य?

अर्धविराम
यावरून नवऱ्यांच्या विनोदांचा एक साठा आहे माझ्याकडे, टाकू का?

दुपारची झोप
नको! १९८० पासूनचे असतील.

अर्धविराम
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक
पँटचा विषय इथे संपवा. (या धाग्याचा बक माझ्याकडे थांबतो.)

स्वल्प
१९८० वरून : भाषेतल्या रूपकांचे अभ्यासक लेकॉफ आणि जॉन्सन यांनी त्याच साली मांडलं होतं की सत्तेच्या रूपकांत वर-खाली दिशा असते. सत्ता वर, अंकित खाली. 'अंडर माय थंब', 'अपर हँड', 'ऑन टॉप ऑफ इट'. मराठीत वरचढ, वरचष्मा, हाताखाली, डोक्यावर बसलाय. मूळ धाग्यातल्या 'वस्तू हातात' इतकंच हे 'वर-खाली' मोठं कपाट आहे.

पण मला खरा फरक वाक्प्रचारात दिसत नाही, क्रियापदात दिसतो. कप फुटला. कुणी फोडला? इंग्रजीत बहुधा 'शी ब्रोक द कप', चुकून फुटला तरीही. आपल्याकडे तीन पायऱ्या : 'मी फोडला', 'माझ्याकडून फुटला', 'फुटला'. मधली पायरी किती मोलाची आहे बघा. हात माझा होता, इच्छा माझी नव्हती, आणि तरी मी इथेच उभा आहे. फॉसी आणि बोरोडिट्स्की या संशोधकांनी इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना फुगे फोडण्याचे, अंडी फुटण्याचे असे प्रसंग दाखवून बघितलं होतं (२०११). मुद्दाम केलेल्या कृतीत कर्ता कोण, हे दोघांच्याही सारखंच लक्षात राहिलं. अपघाताने घडलेल्यात इंग्रजीवाल्यांच्या जास्त लक्षात राहिलं, कारण त्यांची भाषा तिथेही कर्त्याचं नाव घेते.

रेघोट्या
पण तेच इंग्रज गरज पडली की कर्ता झटकन लपवतात. 'मिस्टेक्स वेअर मेड'. १८७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट 'चुका झाल्या आहेत' असं म्हणाले, निदान पुढे मान्य करतो असंही म्हणाले. जानेवारी १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणात 'गंभीर चुका झाल्या' म्हटलं. ही तुमची तिसरी पायरी, स्वल्प. कप फुटला.

कारकुंडा
आमच्याकडे चौथी पायरी आहे. 'कप फुटलेला आढळून आला.'

निवांत
चौथ्या पायरीला दंडवत.

माईणमुळा
खापर फोडण्याबद्दल बोलतोच आहोत तर 'स्केपगोट'. आपण त्याला सर्रास 'बळीचा बकरा' म्हणतो. मूळ कथा बायबलच्या लेवीय पुस्तकात, सोळाव्या अध्यायात आहे. दोन बोकड आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्यांची पापं ठेवून त्याला जिवंत रानात सोडायचं. स्केपगोट तो दुसरा. विल्यम टिंडल यांनी १५३० च्या इंग्रजी भाषांतरात हा शब्द बनवला : निसटलेला बोकड. म्हणजे आपला बळीचा बकरा हा नेमका चुकीचा बकरा आहे! पोरं परीक्षेत 'एस्केप गोट' लिहितात आणि मार्क जातात, तीच खरी व्युत्पत्ती.

खडूफळा
मी कापलेत ते मार्क. किती जणांचे ते मोजायला नको.

तिरपागडे
सर, 'मार्क कापले गेले' म्हणा. तिसरी पायरी.

रेघोट्या
'पुलिंग द स्ट्रिंग्ज'वर एक इशारा, शब्दखुळीताईंच्या कामाचा. त्याला 'सूत्रं हातात आहेत' असं लिहू नका. दोरी तीच, पण इंग्रजी दोरी पडद्याआडून, चोरून ओढतात. आपला सूत्रधार नाटकाच्या सुरुवातीलाच समोर येऊन उभा राहतो. 'सूत्रं स्वीकारली' यात हारतुरे आहेत. त्यांच्या दोऱ्यांसाठी 'पडद्यामागून हलवणं' किंवा 'कळसूत्री बाहुली' बरं. तसंच 'ही हू पेज द पायपर' साठी 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' देतात, तेही तिरकंच बसतं. इंग्रजी म्हण पैसे देणाऱ्याचा हक्क सांगते, आपली खाणाऱ्याचं लाचारपण.

शब्दखुळी
किती दिलंत सगळ्यांनी! मूळ वाक्याकडे येऊ का? स्वल्प यांच्या तीन पायऱ्या आणि ढगातून यांचं 'उडवतोय तो, उत्तर देणार मी' वाचून आज सकाळी डोक्यात प्रकाश पडला. 'रिस्पॉन्सिबल' च्या पोटात लॅटिनचं 'उत्तर देणं' आहे. आणि जबाबदार? अरबी जवाब, फारसी दार. ज्याच्याकडे जवाब आहे तो. दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे एकच केलंय. मग मी वस्तू शोधत का बसले होते? बक नको, चेंडू नको. पाठवलं ते असं :

"ठरव तू. जाब मी देईन."

खडूफळा
उत्तम. पाचच शब्द आणि एकही आगंतुक नाही.

स्वल्प
'जाब' आजच्या पोरांना कळेल?

शब्दखुळी
काम देणाऱ्यांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, 'जाब विचारणे' बातम्यांत रोज असतं. विचारलेलं कळतं तर दिलेलं का नाही कळणार? मान्य झालं.

जहाजी
'ठरव तू' वर त्या पोराने 'घेतलं' म्हणायला हवं. तोवर पाळी बाईंचीच.

शब्दखुळी
(नऊ दिवसांनी) भाग आला. बघितला. पडद्यावर फक्त "ठरव तू." एवढंच येतं आणि दृश्य बदलतं. दुसरी ओळ वेळेत बसली नाही. जिने वेळा लावल्या तिला विचारलं, ती म्हणे फाइल तशीच आली होती. फाइल तपासणाऱ्यांना विचारलं, ते म्हणे ओळ कापली गेलेली दिसते.

कारकुंडा
आढळून आली म्हणा.